पाठीवर किती, ट्रकात किती

सॅक घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न लिटरचा येतो. "किती लिटरची दाखवू, ताई?" आपल्याकडं लिटर म्हणजे दूध, नाहीतर डिझेल. पाठीवरच्या पिशवीत काय ओतून मोजलं असेल, असं मनात येतं. पण विचारायला लाज वाटते आणि समजावून सांगायला दुकानदाराला सवड नसते. तो ३०, ४०, ५० अशा चढत्या क्रमानं सॅक काउंटरवर मांडत जातो. ४० आणि ५० मध्ये फरक असतो तीन-चारशे रुपयांचा. मग घेणारा म्हणतो, मोठीच द्या, कुठंतरी कामाला येईल.

पायी चालणाऱ्याला ही 'कुठंतरी'ची खरेदी जड जाते. आपल्या घरांत रिकामी जागा कुणाला बघवत नाही. सॅकमध्ये वीतभर जागा उरलेली दिसली की आई चिवड्याचा डबा आणते, नवरा टॉर्चचे जास्तीचे सेल आणून टाकतो, शेजारीण म्हणते माझ्या नावाचा एक नारळ तेवढा घेऊन जा. नारळाला नाही म्हणता येत नाही. तुळजापुरात दारोदार नारळाची दुकानं आहेत हे तिलाही माहीत असतं, पण घरून नेलेल्या नारळाचं मोल वेगळं, असं तिचं म्हणणं. तो अर्धा किलो वाहून कोण नेणार, हा प्रश्न तिच्या हिशोबात नसतो.

लिटर म्हणजे सॅकच्या पोटात मावणारी जागा, एवढंच. शाळेच्या दप्तराची सॅक साधारण २० ते २५ लिटरची असते. डोंगरात दोन-तीन दिवस तंबू, भांडी घेऊन जाणाऱ्याला ५० ते ६० लागते. आणि आतून पट्ट्या, जाळी, जाड गादी लावलेली ५० ची सॅक नुसती रिकामी उचलली तरी दीड किलोच्या पुढे भरते. म्हणजे तुम्ही अजून एक रुमालही घातलेला नाही आणि दीड लिटर पाण्याएवढं वजन पाठीवर आलेलं आहे. परदेशात हलकं चालण्याचा नाद असलेले लोक आधी इथंच कात्री लावतात. त्यांच्या सॅक अर्ध्या किलोपासून पाऊण किलोपर्यंत असतात, आत सांगाडा नसतो, खिसे मोजके असतात आणि किंमत मात्र आपल्याला घाम फोडणारी.

मी दोन तऱ्हांनी चालते, आणि माझं सगळं म्हणणं या दोन तऱ्हांच्या फरकावर उभं आहे. एक, आषाढीला पैठणच्या एकनाथांच्या पालखीबरोबर, आत्याच्या गावच्या दिंडीतून. दुसरी, हिवाळ्यात, एका मैत्रिणीला सोबत घेऊन, दिंडीबिंडी काही नाही, अंबाजोगाईहून तुळजापूरला. दोन्हीकडं पाय तेच, रस्ता आपल्याच मुलखातला, आणि तरी पाठीवरच्या वजनात दुपटीचा फरक. हा फरक सॅकच्या कंपनीनं पडत नाही.

नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पैठण सोडलं की नगर जिल्ह्याचा तुकडा, मिडसांगवीचं रिंगण, मग बीड जिल्ह्यातलं रायमोहा, पाटोदा, पुन्हा नगरमध्ये खर्डा, मग धाराशिवमधलं अनाळा, परंडा, आणि पुढं कुर्डू, करकंब करत पंढरपूर. आळंदी-देहूच्या सोहळ्यांना जेवढे कॅमेरे असतात तेवढे इथं नसतात, आणि मला ते बरं वाटतं. बालाघाटाचा डोंगर चढताना रथाला माणसं दोर लावून जोर देतात, तेव्हा बाजूला उभं राहायलाही जागा असते.

दिंडीत पहिली गोष्ट ठरते ती डागांची, म्हणजे सामानाच्या गाठोड्यांची. दिंडीप्रमुख पैसे घेऊन वहीत नाव लिहितो आणि लगेच विचारतो, "डाग किती?" माणशी एक डाग ट्रकात. वळकटी, ताट-वाटी, जास्तीचं लुगडं, रात्रीचं पांघरूण, सगळं त्या एका डागात. डाग ओळखू यावा म्हणून त्यावर ऑइल पेंटनं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, शिवाय कुणी लाल चिंधी बांधतं, कुणी जुन्या ओढणीची गाठ मारतं. पहाटे ट्रक पुढच्या मुक्कामाला निघून जातो आणि मग संध्याकाळपर्यंत तुमच्याजवळ जे आहे तेवढंच तुमचं.

या 'जवळ'च्या सामानासाठी जी पिशवी लागते ती १५ ते २० लिटरच्या वर नको. प्लास्टिकचा कागद किंवा रेनकोट, एक पंचा, मोबाइल, त्याची छोटी पॉवर बँक, रोजच्या गोळ्या, पायाला लावायचा चिकटपट्टीचा रोल, बायकांना लागणारे पॅड, मूठभर शेंगदाणे-गूळ, आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. किराणा दुकानाच्या काट्यावर टाकून बघितलं तर हे सगळं तीन किलोच्या आत बसतं. या वजनाला कंबरपट्टा लागत नाही, छातीचा पट्टा लागत नाही, पाठीला हवा खेळावी म्हणून ताणलेली जाळी तर अजिबात लागत नाही. रुंद, मऊ, न वळणारे खांद्याचे पट्टे असले की झालं. दुकानदार जे दाखवून जास्तीचे हजार रुपये सांगतो, त्यातलं बहुतेक सगळं दिंडीतल्या माणसाला निरुपयोगी आहे.

माझी आत्या तर सॅक वापरतच नाही. तिच्याकडं पडशी आहे. मांजरपाटाचा लांब पट्टा दोन्ही टोकांनी दुमडून शिवलेला, दोन्ही बाजूंना एकेक कप्पा, खांद्यावर टाकली की एक कप्पा छातीपुढं, एक पाठीमागं. पुढच्या कप्प्यात ती जे दिवसभर लागतं ते ठेवते: मिश्रीची डबी, चष्मा, सुटे पैसे बांधलेली रुमालाची गाठ, मोबाइल. मागच्या कप्प्यात एक जुनेर आणि घडी घातलेला प्लास्टिकचा कागद. दुपारच्या विसाव्याला पडशी उशाला येते. मी ती काट्यावर ठेवली तेव्हा रिकामी पडशी दीडशे ग्रॅमही भरली नाही.

पडशीत एक शहाणपण आहे, आणि ते आजकालच्या सॅक बनवणाऱ्यांनाही उमगलेलं आहे. ओझं फक्त पाठीवर असलं की माणूस पुढं वाकतो, मान पुढं काढतो आणि संध्याकाळी मानेचा मागचा भाग ठणकायला लागतो. ओझं पुढं-मागं वाटलं की माणूस ताठ चालतो. न्यूझीलंडमध्ये अशा पुढं-मागं वजन वाटणाऱ्या सॅक बनतात, छातीवर दोन खिसे येतात, आणि त्यांची किंमत ऐकली तर आत्या मिश्री लावायची थांबेल. पडशीचं दुखणं एकच: तिचा सगळा भार एका खांद्यावर येतो. आत्या दर मैलाला खांदा बदलते, न बघता, बोलता बोलता.

युरोपात कामिनो नावाची मोठी पायी यात्रा आहे. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या अनेक वाटा, त्यातली सगळ्यात चालती वाट फ्रान्सच्या सीमेवरून निघून पावणेआठशे-आठशे किलोमीटरची. तिथले जुने यात्रेकरू नव्यांना एक नियम सांगतात: पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. ५५ किलोच्या बाईला साडेपाच किलो. हा नियम मला पटतो, पण आमच्या दिंडीत तो लावून बघितला तर गंमत होते. दिंडीतल्या कितीतरी म्हाताऱ्या ४५ किलोच्या आतल्या असतील. त्यांच्या वाट्याला येतात चार-साडेचार किलो. आणि त्यांच्यातलीच एखादी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन निघालेली असते, एका हातानं धरलेलं, दुसरा हात मोकळा, मान एकदम स्थिर. ओझं डोक्यावर असलं की ते मणक्याच्या सरळ रेषेत खाली उतरतं, म्हणून ते सोसतं. त्याखाली चुंबळ, म्हणजे कापडाची गोल गुंडाळी, हवी मात्र. चुंबळ नसेल तर तेच वृंदावन टाळूला टोचतं आणि मान डगमगते.

सॅकच्या कंबरपट्ट्याचं काम चुंबळीचंच आहे, फक्त जागा वेगळी. खांदे हे वजन उचलायला फार चांगले नाहीत. पट्टे घट्ट झाले की बगलेजवळची नस दबते आणि तासाभरानं बोटांना मुंग्या येतात. कमरेची हाडं मात्र दणकट. पट्टा नीट बसला तर बराचसा भार खांद्यांवरून उतरून तिथं टेकतो आणि खांद्याच्या पट्ट्यांकडं फक्त सॅक मागं न पडू देण्याचं काम उरतं. नीट बसणं म्हणजे पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांच्या वरच्या काठाला मिठी मारून हवा.

आता हा पट्टा बायकांनी बांधून बघावा. नऊवारीवर तो निऱ्यांच्या गुंडाळीवर चढतो, घसरतो, आणि दर अर्ध्या तासाला निऱ्या सुटायला लागतात. सलवारवर त्याहून वाईट. बक्कल बरोबर नाडीच्या गाठीवर येतं. पहिल्या दोन तासांत काही कळत नाही. मग बेंबीखाली एक रुपयाएवढी जागा हुळहुळायला लागते, मुक्कामाला पोचेपर्यंत तिथं लालबुंद वळ, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर तेच बक्कल. यावर उपाय दोन. नाडीची गाठ मध्ये न मारता उजव्या बाजूला सरकवून मारायची, किंवा नाडी काढून रुंद इलॅस्टिक घालायचं. सॅकच्या माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं, कारण ती छापणाऱ्यानं सलवार घातलेली नसते.

छातीवरचा आडवा पट्टा दिंडीत नकोच. गळ्यात तुळशीची माळ, त्यावर टाळाची दोरी, त्यावर हा पट्टा; तिन्हींचा गुंता होतो. शिवाय कुठल्याही दुकानात न होणारी एक परीक्षा दिंडीत होते, ती पावलीची. मृदंगाचा ठेका बदलला, टाळकऱ्यांनी पावली धरली की पाठीवरची सैल पिशवी दर उडीला कमरेवर आदळते. फुगडीत तर ती एका बाजूला फेकली जाते आणि समोरच्या बाईला लागते. म्हणून खांद्याचे पट्टे आखूड करून पिशवी वर, पाठीच्या मधोमध चिकटलेली हवी, आणि तिच्यात जड वस्तू पाठीला लागून. बाटली बाहेरच्या जाळीत ठेवलीत तर पहिल्याच फुगडीत ती रिंगणात जाईल.

सॅकच्या उंचीकडं आपल्याकडं कुणीच बघत नाही, आणि खरं तर कंबरपट्ट्याची सॅक घेणार असाल तर लिटरच्या आधी तेच बघायला हवं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक टणक हाड वर येतं. तिथून, कमरेवर हात ठेवल्यावर अंगठे पाठीकडं जिथं टेकतात त्या रेषेपर्यंत शिंप्याच्या टेपनं अंतर मोजायचं. दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायचं, स्वतःचं स्वतः जमत नाही. सॅकचे खांद्याचे पट्टे जिथून निघतात तिथून कंबरपट्ट्यापर्यंत तेवढंच अंतर हवं. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक सॅक उंच पुरुषाच्या मापाच्या असतात. पाच फुटांच्या बाईनं ती घातली की कंबरपट्टा मांड्यांवर येतो आणि मग तो लोंबकळत ठेवून सगळा भार खांद्यावर घ्यायचा. त्यापेक्षा पट्टा नसलेली बरी.

पाऊस हा वेगळाच विषय. ज्येष्ठात निघताना ऊन असतं, सिमेंटचे रस्ते वाढल्यापासून तर खालूनही भाजतं. आणि मग आभाळ उठतं. मराठवाड्यातला पहिला पाऊस पडून काळी माती भिजली की चपलेला दोन-दोन किलो चिखल चिकटतो, पाय उचलताना वाटतं जमीन सोडत नाही. शेतकरी मात्र त्या पावसानं खूश. पेरणीची निम्मी चिंता वारीतच चालू असते. ज्याचं सोयाबीन पेरून झालंय तो मोकळ्या मनानं अभंग म्हणतो, ज्याचं राहिलंय त्याचा फोन दर विसाव्याला वाजतो.

सॅकवर चढवायचं रेनकव्हर मी वापरत नाही. ते वाऱ्यानं फुगतं, आणि पाठ व सॅक यांच्यामधून जे पाणी ओघळतं ते अडवत नाही. सॅक भिजू द्यावी, आतलं भिजू देऊ नये. त्यासाठी आत एक प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची, सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडून खोचून टाकायचं. आत्यासारख्या बायका हे कधीपासून करत आल्यात. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून त्या पडशीच्या मापाच्या करून घेतात. दहा रुपयेही खर्च नाही. खताची पिशवी मात्र घेऊ नये, कितीही धुतली तरी कपड्यांना वास राहतो. आणि कापडी सॅक कितीही देखणी असो, सुती नको. सुती कापड पाणी पितं आणि ते पाणी तुम्ही वाहता. पडशीचीही हीच अडचण, पण ती लहान असते, पिळून खांद्यावर टाकली की वाऱ्यावर वाळते.

पिण्याचं पाणी. हेच खरं ओझं. सॅक २०० ग्रॅमनं हलकी करायला माणसं हजारो रुपये मोजतात आणि एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलो, त्यात कुठलंही तंत्रज्ञान काही कमी करू शकत नाही. मग दिंडीत मी अर्ध्या लिटरवर कशी चालते? कारण दर गावाच्या वेशीवर कुणीतरी पिंप भरून, ग्लास साखळीला बांधून उभं असतं. कुणी लिंबू-सरबत, कुणी चहा, कुणी नुसतं थंडगार माठातलं. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते वर्ष. त्या आसपासच्या कोरड्या वर्षांतही या वाटेवरच्या गावांनी वारकऱ्याला पाणी विचारणं सोडलेलं मी पाहिलं नाही. टँकर आला की आधी दोन पिंपं दिंडीसाठी बाजूला निघायची. घरच्या घागरी नंतर.

म्हणजे माझी पिशवी तीन किलोची राहते, कारण उरलेलं वजन दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असतं. वळकटी ट्रक ड्रायव्हरनं, जेवण दिंडीच्या आचाऱ्यानं, पिठलं-भाकरी त्या त्या गावानं, पाणी वेशीवरच्या पोरांनी. हलकं चालण्याचं श्रेय मी माझ्या निवडीला देत नाही.

हे नीट कळलं ते दुसऱ्या तऱ्हेच्या चालण्यात. पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधीच्या दिवसांत, मैत्रीण आणि मी अंबाजोगाईहून कळंब, येरमाळा, धाराशिव करत तुळजापूरला गेलो. कोजागरीला तुळजापूरचे रस्ते चालणाऱ्यांनी भरलेले असतात, पावलोपावली अन्नछत्र असतं. पौषातल्या आडदिवशी कुणी नसतं. दोन बायका, पाठीवर सॅक, अंगात ट्रॅक पँट. बांधावरची बाई हातातली खुरपणी थांबवून बघते. "कुण्या दिंडीच्या व तुमी?" दिंडी नाही म्हटल्यावर तिला पुढं काय विचारावं कळत नाही. एकीनं तर सॅकवर हात फिरवून म्हटलं, "माय, घरच घेऊन निघालाव का?" आणि मग आत जाऊन ताक आणलं. ताक मिळालं, पण मागितल्याशिवाय काही मिळेल असं धरून निघता येत नव्हतं. पाणी दोन-दोन लिटर. रात्री कुठं टेकायचं ते आधी फोन करून ठरवलेलं. ठरलेल्या जागी अंथरूण मिळेलच असं नाही, म्हणून पांघरूण आपलं. मराठवाड्यातली पौषातली पहाट बोचरी असते. सोलापुरी चादर उबदार खरी, पण तिचं वजन किलोच्या पुढं, आणि घडी केली की अर्धी सॅक तीच खाते. मी तिच्याऐवजी पातळ लोकरीची शाल आणि आत थर्मल घेतलं. तरी कुलूप, टॉर्च, बॅटरी, दोन वेळचं कोरडं खाणं, असं करत पाण्यासकट साडेसहा किलो झालं. इथं मात्र ३५ लिटरची, कंबरपट्ट्याची, मापात बसणारी सॅक हवीच होती. तीन किलोवाली पिशवी घेऊन निघाले असते तर येरमाळ्याच्या आधीच खांदे गळून पडले असते.

हलकं चालण्याच्या चर्चेत अमेरिकेतल्या एमा गेटवूड या बाईंचं नाव हमखास निघतं. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली अपालाचियन वाट त्या एकट्या चालल्या. अकरा लेकरांची आई. हातानं शिवलेली डेनिमची एक पिशवी खांद्यावर, त्यात घोंगडी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, पायात साधे कापडी बूट. तंबू नाही. त्यांचं कौतुक करताना लोक त्या पिशवीचं कौतुक करतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त खरी वाटते: त्या वाटेवरच्या घरांची दारं वाजवत, कुणाच्या ओसरीत झोपत, कुणाच्या ताटात जेवत गेल्या. त्यांची पिशवी लहान राहिली ती त्या दारांमुळं. आत्याला मी ही हकिगत सांगितली. ती म्हणाली, "अकरा लेकरं झाल्यावर बाई कशाला भिईल?"

घ्यायचीच असेल तर कापडाबद्दल थोडं. दुकानात डेनियर हा शब्द कानावर येतो. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, कापड दणकट आणि जड. डोंगरात खडकाला घासणाऱ्याला ४२० ठीक, आपल्या डांबरी रस्त्याला २१० भरपूर झालं. बारीक चौकड्या दिसणारं कापड मिळालं तर घ्यावं; त्या चौकड्यांत जाड धागा विणलेला असतो आणि कापड फाटलं तरी चीर पुढं जात नाही. त्याहून महत्त्वाचं, सॅक उलटी करून आतला लेप बघावा. पाणी अडवण्यासाठी आतून जो लेप दिलेला असतो तो उष्णता आणि दमटपणानं चिकट होतो आणि मग त्याचे पांढरे पापुद्रे निघतात. आपल्याकडं सॅक वर्षभर पत्र्याच्या घराच्या माळ्यावर पडून असते. मे महिन्यात माळ्यावर काय तापतं ते सांगायला नको. आषाढी झाली की सॅक धुऊन, सावलीत वाळवून, खालच्या कपाटात ठेवावी.

आणि चेन. सॅक फाटण्याआधी चेन जाते, आणि चेन जाण्याआधी रनर. बसस्टँडजवळ बॅगा दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्यापैकी एकाकडं मी नवी सॅकही आधी घेऊन जाते. तो खांद्याचा पट्टा जिथं सॅकला जोडलाय तिथं अंगठ्यानं कापड ताणतो, टाके मोजल्यासारखं बघतो आणि सांगतो. "इथं एकच शिलाई हाय. रायमोह्यापर्यंत जाईल, पुढचं विठ्ठल बघंल." मग तो तिथं आडवी-उभी दुहेरी शिलाई मारून देतो. त्या शिलाईचे पन्नास रुपये हे सॅकवर केलेल्या खर्चातले सगळ्यात कारणी लागलेले पैसे.

निघण्याआधी भरलेली सॅक घेऊन चालून बघावं, हे सगळे सांगतात. पण लोक घरातल्या घरात आरशासमोर फिरतात. अंबाजोगाईकरांना तर बालाघाट दारात आहे. सॅकमध्ये पाच किलो तूरडाळ आणि एक बाटली पाणी टाकून मुकुंदराजाच्या समाधीला खाली दरीत उतरावं आणि परत चढावं. उतरताना पट्टा सैल आहे का ते कळतं, चढताना सॅक मागं ओढते का ते कळतं. डाळ वाया जात नाही.

माझी जुनी सॅक गेल्या पावसाळ्यात आतून पापुद्रे सोडायला लागली, तेव्हा मी ती टाकायला काढली होती. आत्या आलेली. तिनं कंबरपट्टा हातात घेऊन दाबून बघितला, बक्कल दोन-चारदा लावलं-काढलं.

"ह्यो पट्टा दे मला."

"पडशीला कंबरपट्टा कुठं लावणार, आत्या?"

"कमरंला कशाला? बक्कल ठेव तुझं. ही गादी तेवढी काढून दे, पडशीखाली खांद्यावर शिवून घेते."

रिपेअरवाल्यानं दोन्ही गाद्या कापून, मांजरपाटात गुंडाळून पडशीच्या मधल्या पट्ट्याखाली बसवून दिल्या. साठ रुपये घेतले. पडशी आता दोनशे ग्रॅमच्या वर गेलीय, आणि मिश्रीची दुसरी डबी ठेवायला तिला पुढच्या कप्प्यात नवा खिसाही हवाय.